एक्केचाळीस मालकांचं टर्फ (त्यातला एक मी)

आधीच सांगून टाकतो, या टर्फमध्ये (म्हणजे भाड्यानं खेळायचं कृत्रिम गवताचं मैदान) माझे बारा हजार रुपये आहेत. आपलं लेकरू कुणाला काळं दिसतं? तरी जमेल तेवढं खरं लिहितो.

टर्फ नांदेडला, तरोडा नाका ओलांडून मालेगाव रोडला. नाव लिहीत नाही, कारण बोर्डावर अजून जुन्याच मालकाचं नाव आहे आणि नवीन नावावर आठ महिने झाले तरी एकमत होईना. चाळीस नावं सुचवून झाली. एकजण गावाला गेला होता म्हणून चाळीस, नाहीतर एक्केचाळीस झाली असती.

खेळायला कसं आहे? गवत सहा वर्षांचं आहे. मधोमध पार बसलंय, कडेला अजून चांगलं उभं आहे. काळे रबराचे दाणे नव्यानं टाकलेत, त्यामुळं पडलं तर आधीसारखं ढोपर सोलत नाही. घरी गेल्यावर मात्र मोजे बाथरूममध्ये झटकू नका, माझ्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला झालेला आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर जाऊच नका. नांदेडचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला गेलं की बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. सहा-सहाच्या मॅचला जागा बरोबर पुरते, सात-सात केलं की नुसती धक्काबुक्की. लाईट आठ आहेत, सगळे लागतात. प्यायला गार पाण्याचा जार असतो. ग्लास एकच असतो.

आता मालकीचं. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण लोक मला सारखं तेच विचारायलेत.

जुना मालक माणूस वाईट नव्हता. कर्ज काढून टर्फ टाकलं, पहिली दोन वर्षं रात्री बारापर्यंत गर्दी. मग गावात टर्फच टर्फ झाले, भाव पडला, हप्ते थकले, जागेचं भाडं थकलं. एका रविवारी त्यानं आम्हाला सांगितलं की महिनाअखेर जाळ्या काढून विकणार. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, थकलेल्या माणसाचा चेहरा मला लांबून ओळखू येतो.

त्या दिवशी चहावर मी इंग्लंडच्या पोर्ट्समाउथ फुटबॉल क्लबची गोष्ट सांगितली. मी त्या क्लबच्या नादाला लागलो २००८ ला. औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच होतं) होस्टेलवर एफए कपची (तिकडची सगळ्यात जुनी बाद फेरीची स्पर्धा) फायनल बघितली, पोर्ट्समाउथच्या कानू या खेळाडूनं गोल मारला, कार्डिफ हरली. पुढं दोनच वर्षांत तोच क्लब कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, असताना अशी वेळ आलेला तो पहिलाच क्लब. २०१२ ला परत तेच. घसरत घसरत चौथ्या पायरीवर जायची वेळ आली, तेव्हा एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांच्या ट्रस्टनं तो घेतला. एक शेअर हजार पौंडांचा. ज्याला एकट्याला झेपला नाही त्यानं मित्रांबरोबर मिळून घेतला.

मला वाटलं, ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा येईल. तर आमचा लेफ्ट बॅक म्हणला, “म्हंजे कारखान्याचा सभासद! मग दिवाळीला साखर भेटणार का?”

सगळे हसले. पण मराठवाड्यात कुणालाही शेअर समजवायचा तर याहून सोपी वाट नाही. प्रत्येकाच्या घरी बापाच्या नाहीतर चुलत्याच्या नावचा कारखान्याचा एक शेअर कुठंतरी ट्रंकेत असतोच. एक सभासद एक मत, हे सहकार कायद्यात १९६० पासून आहे. सभेत मागून “मंजूर, मंजूर” ओरडायचं, तेही सगळ्यांना पाठ. आम्ही संस्था काढली नाही, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली, पण करारात एक माणूस एक मत टाकून घेतलं. साध्या भागीदारीत पन्नासच्या वर माणसं घेता येत नाहीत आणि तेव्हा आमची यादी साठावर होती. पैसे भरायच्या दिवशी ती एक्केचाळीसवर आली, हे वेगळं. बारा हजारांनी एक्केचाळीस, म्हणजे पाच लाखांना आठ हजार कमी. ते आठ दारातल्या चहावाल्या मामांनी घातले. शेअर नको म्हणले. “मला मीटिंगला बोलवू नका, एवढंच करा.”

मामांइतका शहाणा निर्णय आमच्यात कुणी घेतला नाही.

ताबा घेतल्यावर पहिलं काम गोलसमोरचा, गवताच्या दोन पट्ट्यांमधला जोड. दीड हात उघडला होता, त्यात पाय अडकून दोघंजण तोंडावर आपटले होते. रविवारी सहाला जमलो. दोन्ही कडा उचलल्या, खालची वाळू खराट्यानं झाडली, जोडपट्टी अंथरली, दोन डब्यांतला गोंद एका पाटीत कालवून पसरला. पाती गोंदात चिकटू नयेत म्हणून एकजण मेथी निवडावी तसा बोटांनी एकेक पात वर काढत बसला, दीड तास. वर विटा ठेवल्या आणि ग्रुपवर टाकलं, उद्यापर्यंत तिथं कुणी पाय ठेवायचा नाही. रात्री दहाला चौघांनी विटा नीट एका बाजूला रचून मॅच खेळली. कॅमेऱ्यात दिसलं, चारही मालकच. विचारलं तर म्हणले, “आपलंच आहे ना भैय्या.”

जोड परत केला. सध्या पक्का आहे.

दिवाळीची साखरही निघालीच. संध्याकाळचा तास हजाराला, पण मालकांना निम्म्यात, असं पहिल्याच सभेत मंजूर झालं. मंजूर म्हणणाऱ्यांत मीही होतो. सात ते अकरा असे चार तास, सगळा पैसा त्यातच. महिन्याभरात चारातले तीन तास मालकांनीच अडवले. रोज दीड हजाराचं भोक, महिन्याला पंचेचाळीस हजार. आकडे लिहून ग्रुपवर टाकले तेव्हा दोघांनी ग्रुप सोडला आणि एकानं मला “पतसंस्थेचा माणूस” म्हणून शिवी दिली. आता सवलत फक्त सकाळी आणि दुपारी. दुपारची कुणी घेत नाही.

आणखी एक कडू गोष्ट. फुटबॉलसाठी घेतलेलं हे टर्फ जगतंय बॉक्स क्रिकेटवर. डिसेंबरला स्पर्धा ठेवली, बत्तीस संघ, प्रत्येकी दीड हजार. बक्षिसं, बॉल, अंपायर जाऊन निम्मे उरले, तेवढ्यात थकलेलं भाडं फिटलं. इंग्लंडचाच एक्सेटर सिटी क्लबही २००३ ला समर्थकांनीच घेतला होता, डोक्यावर कर्ज होतं. जानेवारी २००५ मध्ये एफए कपला मँचेस्टर युनायटेड वाट्याला आली. ओल्ड ट्रॅफर्डवर शून्य-शून्य, म्हणून घरी परत एक मॅच, आणि त्या दोन गर्दीच्या तिकिटांनी कर्जाचा मोठा भार हलका केला. तो क्लब आजही समर्थकांचाच आहे. आमचं ओल्ड ट्रॅफर्ड म्हणजे टेनिस बॉल क्रिकेट. चालतंय.

उलटं उदाहरणही ग्रुपवर टाकलं होतं, कुणी वाचलं नाही. तिकडचाच एब्सफ्लीट क्लब २००८ ला इंटरनेटवरच्या वीस हजारांहून जास्त लोकांनी ३५-३५ पौंड घालून घेतला, त्याच मे महिन्यात वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी (खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांची स्पर्धा) जिंकला. पुढं वर्गणी भरणारे आटत गेले आणि २०१३ ला क्लब विकला. आमच्याकडं पहिल्या मतदानाला एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मतं होती. परवा पाण्याच्या मोटारीसाठी मत मागितलं, तेरा आली. त्यातली दोन “नंतर सांगतो” अशी.

तरी चाहत्यांच्या हातात काहीच नसण्यापेक्षा हे बरं. हैदराबाद आपल्याला जवळ, आमच्यातली पाच-सहा पोरं गच्चीबावलीला मॅच बघून आलेली. तिथला हैदराबाद एफसी क्लब २०२२ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकला, पैशाची ओढाताण सुरू झाली, २०२३-२४ ला तळाला गेला आणि २०२५ ला दिल्लीला हलला. पोरांकडं पिवळे टी-शर्ट उरलेत, आमच्या टर्फवर घालून येतात.

सध्या ग्रुपवर एक प्रस्ताव आहे. एका मालकाचे पाहुणे सगळ्यांचे पैसे व्याजासकट परत करून टर्फ घ्यायला तयार आहेत. दोन वर्षांत गवत बदलावं लागणार आणि तेवढे लाख आमच्याकडं नाहीत, हे मला हिशेबातून दिसतं. पोर्ट्समाउथच्या लोकांसमोर २०१७ ला हेच होतं, जुनं मैदान दुरुस्त करायला पैसा कुठून आणायचा. त्यांनी डिस्ने कंपनीचा माजी प्रमुख मायकेल आयझनरला विकायला मोठ्या बहुमतानं होकार दिला. २०२४ ला तिसऱ्या पायरीवर पहिला नंबर काढून क्लब वर गेला, म्हणजे त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. मी अजून मत टाकलेलं नाही.

साडेतीन स्टार. एक कापला बाथरूमला, अर्धा त्या एका ग्लासाला. बाथरूमची पाळी शुक्रवारी माझी असते, म्हणून शनिवारी सकाळी आलात तर चार समजा. बुकिंग फोनवर करा, ग्रुपवर नको, तिथं तुमचा मेसेज बोर्डावरच्या नावाच्या वादाखाली दबून जाईल. गाडी मामांच्या टपरीसमोर लावू नका. पाण्याची बाटली घरून आणा. आणि बॉल मागच्या हळदीच्या वावरात गेला तर उडी मारू नका, गेटमधून विचारून जा, नाहीतर ते आजोबा बॉल देत नाहीत. आमचे सात आहेत त्यांच्याकडं.