डिजिटल मीटर आहे म्हणून जुनी गाडी घेऊ नका

'काट्याचा मीटर कोणीही मागे फिरवतो, डिजिटलला हात लागत नाही', असं जुन्या गाड्यांचा दुकानदार म्हणाला की तिथूनच परत फिरा. इंदुरात मला एकाने हेच ऐकवलं आणि ६२,००० रुपये काढून घेतले.

मुलीला भंवरकुआँला कोचिंगला जायला स्कूटर हवी होती. एक काट्याच्या मीटरची, ४१,३०० किलोमीटर, ३८,००० रुपये. दुसरी २०१९ची, डिजिटल, आकडा १४,२१२. "भिया, इसमें तो कंप्यूटर है, कौन छेड़ेगा?" २४,००० जास्त घालून कमी चाललेली गाडी घेतली, यात माझं काय चुकलं? तुम्हीही तीच घेतली असती.

मागचा टायर नवा होता. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे ०८२४ होतं. चौदा हजारांत टायर कसा संपेल? मी विचारलं होतं, हे नोंदवून ठेवा. "धूप में खड़ी-खड़ी कड़क हो गया था, आपके लिए नया डाल दिया." पायाखालच्या रबराची नक्षी टाचेच्या जागी पार गुळगुळीत. आणि मीटरच्या कव्हराचे दोन स्क्रू! गाडीचे बाकी सगळे जुने, गंजकट. त्या दोघांचीच डोकी ताजी घासलेली, चकचकीत. सौ. म्हणाली, "अहो, हे उघडलंय वाटतं." मी म्हटलं, बल्ब बदलला असेल. डिजिटल मीटरमध्ये बल्ब! हे आठवलं की अजून झोप उडते. पण दुकानात एकच ट्यूबलाइट, आणि शेजारी 'मैं अभी टोकन देता हूँ' म्हणणारं दुसरं गिऱ्हाईक. तेही त्यांचंच असणार.

पहिल्या सर्व्हिसिंगला कंपनीच्या माणसाने गाडीचा नंबर टाकला आणि २०२२ची नोंद दाखवली: ३८,६४०. बेल्ट, रोलर, क्लच शू मिळून ६,३४० रुपये लागले. नाव बदलायचे एजंटने घेतलेले २,५०० वेगळेच.

तिथल्याच मेकॅनिकने सांगितलं ते ऐका. काट्याच्या मीटरला चाकापासून केबल येते आणि दातेरी चक्रं आकड्यांची रिळं फिरवतात. कोणी ती उघडून फिरवली तर बहुतेक वेळा आकडे एका ओळीत बसत नाहीत, एखादा वर-खाली लटकतो. केबल काढून चालवली तर काटा शून्यावरच. म्हणजे लबाडी डोळ्यांना दिसण्याची शक्यता तरी असते. डिजिटलमध्ये आकडा मीटरच्या पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. यंत्र जोडलं, हवा तो आकडा टाकला, झालं. पडद्यावर ओरखडासुद्धा नाही.

ठाण्यावर गेलो तर 'ये लेन-देन का मामला है, कोर्ट जाओ.' १ जुलै २०२४पासून ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, हे मीच सांगायचं? आरटीओच्या खिडकीवर म्हणे आम्ही फक्त मालकाचं नाव बदलतो, किलोमीटर आमचा विषय नाही. मग १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्या विकणाऱ्यांना परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, तो नियम कोणाचा विषय? त्यावर साहेब जेवायला गेले. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली तर फोन आला, 'दुकानदाराशी बोलणं झालं, तो नाही म्हणतो, तक्रार बंद करू?' चोरानेच नाही म्हटलं की संपलं! आणि हे विचारतात अशा आवाजात, जणू मीच त्यांचा वेळ खातोय. ग्राहक आयोगात जावं तर माझ्याकडे पावती कच्ची, तीवर किलोमीटरचा आकडाच नाही.

पावतीवर आकडा लिहून घ्या, सहीसकट. नाही म्हणाला तर उठा. टोकन देण्याआधी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरवर जुन्या नोंदी बघा. गाडीच्या मालकाकडून तिथे एक फोन करून घेतला तरी काम होतं. गाडी दिवसा बघा. अधिकारपत्र मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मी आता तिथे लावतोय.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, वकिलाने हात बांधलेत. राजेंद्रनगर, सुदामानगरकडचं कोणी जुनी गाडी बघत असेल तर आधी मला विचारा. गल्लीच्या तोंडापर्यंत स्वतः घेऊन जाईन.