छोट्या नेटवर्कसाठी स्वस्त हार्डवेअर फायरवॉल: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पंधरा-वीस संगणक, दोन प्रिंटर, काही कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय एवढाच पसारा असलेल्या नेटवर्कसाठी फायरवॉल (आत-बाहेर जाणारी रहदारी नियमांनुसार सोडणारे किंवा अडवणारे यंत्र) घेताना पहिली फसगत होते ती जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्याने. तो आकडा बहुधा १५१८ बाइटांच्या मोठ्या फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या मोठ्या तुकड्यांवर, मोजलेला असतो. गिगाबिट जोडणी अशा फ्रेमनी भरायला सेकंदाला सुमारे ८१ हजार फ्रेम पुरतात. ६४ बाइटांच्या फ्रेम असतील तर १४ लाख ८८ हजार लागतात, आणि फायरवॉलवरचा ताण प्रामुख्याने अशा तुकड्यांच्या (पॅकेटांच्या) संख्येवर ठरतो, त्यांच्या आकारावर नाही. नियम, व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कशी जोडणारा कूटबद्ध मार्ग) आणि तपासणी चालू असताना वेग किती उरतो, एवढेच विचारावे.

मिक्रोटिक कंपनीच्या हेक्स या छोट्या राउटरची आरबी७५०जीआर३ ही आवृत्ती मी आधी वापरली होती. ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि पाच गिगाबिट पोर्ट असलेले हे यंत्र कमी खर्चात टिकाऊ काम देते. मात्र त्याचा वेग बराचसा फास्टट्रॅक या त्याच्या सोयीवर उभा आहे. फास्टट्रॅक प्रस्थापित जोडण्यांना बहुतेक नियमांच्या आणि वेगमर्यादा घालणाऱ्या रांगांच्या बाहेरून जाऊ देतो. म्हणून एखाद्याच्या डाउनलोडवर मर्यादा घातली आणि ती लागूच होत नाही असे दिसले, तर दोष बहुधा तिथे असतो. नेटगेट ११०० या तयार फायरवॉलचाही विचार केला होता, पण त्याचे तिन्ही पोर्ट एकाच अंतर्गत स्विचवर आहेत आणि मेमरी १ जीबी, म्हणून तो मागे पडला.

शेवटी इंटेल एन१०० प्रोसेसरचा, २.५ गिगाबिटचे चार पोर्ट असलेला बिनपंख्याचा छोटा संगणक घेऊन त्यावर ओपीएनसेन्स ही फायरवॉलची प्रणाली बसवली. पीएफसेन्स या तशाच जुन्या प्रणालीपासून २०१५ मध्ये वेगळी झालेली ही प्रणाली मुक्त स्रोताची आहे, तिच्या मुख्य आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात आणि सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी वार्षिक शुल्क भरावे लागत नाही. परवान्यावर चालणाऱ्या यंत्रांत खरेदीची किंमत पाहून हुरळून जाऊ नये. नूतनीकरणाची रक्कम पाच वर्षांसाठी मांडली की स्वस्त कोणते ते कळते.

खरा फायदा व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे आभासी विभाग पाडण्यात, दिसला. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले. फायरवॉलमध्ये अशा नव्या विभागाच्या इंटरफेसवर नियम नसले की सगळेच अडते, त्यामुळे लॉगमध्ये लाल ओळींची रांग लागली. प्रत्येक कॅमेरा दर थोड्या वेळाने बाहेर कुठेतरी जोडणी करू पाहत होता. समाधानाने मी तसेच सोडून दिले, आणि तीन आठवड्यांनी एका रेकॉर्डिंगवरची वेळ चार मिनिटे मागे पडलेली आढळली. बाकीच्या सगळ्यासोबत मी यूडीपी १२३, म्हणजे घड्याळ जुळवण्याचा पोर्टही (इथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, तार लावायची जागा नव्हे) अडवला होता. फायरवॉललाच वेळेचा सर्व्हर करून कॅमेऱ्यांना फक्त त्याच्या पत्त्यावर १२३ मोकळा दिला, तेव्हा घड्याळे ताळ्यावर आली.

सुरिकाटा, म्हणजे रहदारीत हल्ल्याच्या खुणा शोधणारी प्रणाली, मात्र महिनाभरात बंद केली. आजची बहुतेक रहदारी टीएलएस या कूटलेखनात गुंडाळलेली असते, आणि प्रत्येक संगणकावर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून ती उघडल्याशिवाय तपासणीला आतला मजकूर दिसत नाही. ते करण्याची माझी तयारी नव्हती. व्हीपीएनसाठी वायरगार्ड ही प्रणाली ठेवली आहे. विक्रेते प्रोसेसरमधील एईएस या कूटलेखन पद्धतीच्या प्रवेगाची बरीच भलामण करतात, पण वायरगार्ड चाचा२० ही वेगळी पद्धत वापरते, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेक या व्हीपीएनच्या दुसऱ्या प्रकारांसाठी तो जरूर पाहावा.

उणिवाही आहेत. उन्हाळ्यात पेटीच्या वरच्या पट्ट्यांवर तळवा फार वेळ टेकवत नाही, म्हणून ती कपाटात कोंडू नये. विक्रेत्याकडून बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) एकही नवी आवृत्ती आजवर आलेली नाही, आणि पुढे येईल असे वाटत नाही. वीज मात्र फारशी लागत नाही: सरासरी १० वॅट धरले तर वर्षाला ८७.६ युनिट.

एकदा नियमांचा क्रम चुकून मी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, हे माहीत असूनही. स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून कन्सोलच्या मेनूतून आदली मांडणी परत आणली, पाच मिनिटांत काम झाले. ज्यांच्याकडे ही पाच मिनिटे देणारे कोणी नाही, त्यांनी हेक्स घ्यावा, मूळ नियम तसेच ठेवावेत आणि प्रशासकाचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.