.२०४ रूगर : ३२ ग्रेन की ४० ग्रेन?

लांब पल्ल्यावरून प्रेअरी डॉगसारख्या (हा कुत्रा नव्हे, तर बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) लहान उपद्रवी प्राण्यांची शिकार करण्यासाठी २००४ साली आलेले .२०४ रूगर हे काडतूस मी ३२ आणि ४० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) अशा दोन्ही वजनांच्या, पॉलिमर टोकाच्या गोळ्यांसह वापरून पाहिले, आणि माझा कौल ४० ग्रेनला आहे.

नुसते आकडे पाहिले तर हलकी गोळी सरस वाटते. नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला सुमारे ४,२२५ फूट, तर जड गोळीचा सुमारे ३,९०० फूट असतो. पण हलकी गोळी हा वेग हवेत लवकर गमावते आणि आडव्या वाऱ्याने अधिक ढळते. ३०० यार्डांपलीकडे, लक्ष्य जेमतेम तळहाताएवढे असताना, नेम बहुधा वाऱ्यामुळेच चुकतो, कारण अंतर यंत्राने मोजता येते, वाटेतला वारा मात्र गवताच्या हालचालीवरून ताडावा लागतो.

या काडतुसाचा धक्का इतका सौम्य आहे की गोळी कुठे लागली, मातीचा फवारा कोणत्या बाजूला उडाला, हे दुर्बिणीवरचा डोळा न हलवता दिसते आणि पुढचा नेम लगेच सुधारता येतो. हा गुण मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो. नळी मात्र लवकर तापते, म्हणून मी तीन गोळ्यांनंतर थांबतो.

४५ ग्रेनची गोळी घेण्यापूर्वी नळीचा पीळ, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांचे वळण, तपासावा, कारण बारा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीत ती स्थिर राहीलच असे नाही. पातळ आवरणाची गोळी आदळताच फुटते हे खरे, तरीही लक्ष्यामागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय चाप ओढू नये.