केबीआर पेलेट की एटीआर? आयआरसाठी आधी काय घ्यावं

एफटीआयआर यंत्र (नमुना अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड, आयआर, प्रकाश कुठे किती शोषतो याचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढणारं यंत्र) आलं, पण एकाच अ‍ॅक्सेसरीपुरते पैसे उरले आहेत, अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: एक परावर्तनाचा डायमंड एटीआर (नमुना हिऱ्याच्या स्फटिकाला टेकवून, स्फटिकाच्या आतून एकदा परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने मोजणारं साधन) घ्या. पेलेटची (केबीआर म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडच्या पावडरीत नमुना मिसळून दाबलेली चकती) डाय, म्हणजे साचा, आणि हायड्रॉलिक प्रेस नंतर घेतली तरी चालेल. मात्र तुमचे नमुने कोणते, यावर हे मत बदलूही शकतं.

पेलेट नीट जमली की स्पेक्ट्रम देखणा येतो. १–२ मिलिग्रॅम नमुना, १००–२०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड, अ‍ॅगेटचा खल, १३ मिमीची डाय, ८–१० टन भार; ४०० सेमी⁻¹ पर्यंत (ही तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरी; पुढचे सुटे आकडेही याच एककात) सगळं दिसतं. अडचण ओलाव्याची. केबीआर हवेतलं पाणी शोषतं आणि ३४०० जवळ रुंद पट्टा, १६४० जवळ दुसरा, असे पाहुणे स्पेक्ट्रममध्ये येतात. मग तो ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन बंध) पट्टा नमुन्याचा की पाण्याचा, हे सांगता येत नाही. म्हणून पावडर ११० अंशांवर सुकवा, डेसिकेटरमध्ये ठेवा, दाबताना डायमधली हवा पंपाने काढा. कण २ मायक्रॉनपेक्षा मोठे राहिले तर प्रकाश विखुरतो, बेसलाइन तिरकी होते आणि शिखरं एका बाजूला कलतात. हायड्रोक्लोराइड क्षारांत क्लोराइड-ब्रोमाइडची अदलाबदल होऊ शकते, तिथे पोटॅशियम क्लोराइड वापरतात. घोटण्या-दाबण्याने स्फटिकरूपच बदललं, तर तुम्ही मोजता ते वेगळंच काहीतरी असतं. औषधांच्या कामात ही भीती मला सर्वांत मोठी वाटते.

एटीआरमध्ये हे काहीच नाही. नमुना स्फटिकावर ठेवा, स्क्रू आवळा, मोजा, अल्कोहोलने पुसा. १००० सेमी⁻¹ ला प्रकाश नमुन्यात जेमतेम २ मायक्रॉन शिरतो, त्यामुळे जाड नमुना आणि पाण्यातलं द्रावण दोन्ही चालतात. स्पर्श मात्र घट्ट हवा. कडक, खरबरीत दाण्यांचा सिग्नल कमजोर येतो. प्रवेशाची खोली तरंगलांबीबरोबर वाढते, म्हणून कमी तरंगसंख्येकडची शिखरं उंच दिसतात. जुन्या ट्रान्समिशन लायब्ररीशी (प्रकाश नमुन्याच्या आरपार पाठवून घेतलेल्या स्पेक्ट्रमांच्या संग्रहाशी) जुळवण्याआधी हा फरक काढणारं एटीआर करेक्शन लावायलाच हवं.

एटीआरचा स्फटिक निवडताना घाई नको. झिंक सेलेनाइड स्वस्त, पण ओरखडे पडतात आणि आम्लाने खराब होतं. पीएच ५ ते ९ च्या बाहेर नेऊ नका. हिरा जवळपास सगळं सोसतो, पण १९००–२३०० सेमी⁻¹ मध्ये तो स्वतःच शोषतो, आणि नायट्राइलचं (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंधाचं) शिखर नेमकं तिथेच असतं. क्षीण नायट्राइल हेच तुमचं काम असेल तर झिंक सेलेनाइड बरं. कार्बन ब्लॅक (काजळीसारखा कार्बन) घातलेल्या काळ्या रबरात प्रकाश कमी शिरलेला बरा, त्यासाठी जर्मेनियम: अपवर्तनांक ४, खोली सुमारे ०.७ मायक्रॉन.

तिसरा मार्ग न्यूजॉल मल (mull, म्हणजे न्यूजॉल या खनिज तेलात घोटलेला नमुना); अडीनडीला ठीक, पण २९००, १४६० आणि १३७५ ची शिखरं तेलाचीच असतात.

प्रेस कधी घ्यावीच लागते? फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली) पद्धत पेलेट मागत असेल तेव्हा, किंवा अल्प प्रमाणातला घटक शोधायचा असेल तेव्हा. पेलेटमध्ये प्रकाशाच्या वाटेत जास्त नमुना येतो. द्रवातलं प्रमाण अचूक काढायचं तर ठरावीक जाडीचा सीलबंद सेल (द्रव भरायची, दोन पारदर्शक खिडक्यांची डबी) लागतो. पाणी असेल तर मिठाच्या खिडक्या विरघळतात; कॅल्शियम फ्लोराइडच्या घ्या, पण त्या ११०० च्या खाली पाहू देत नाहीत.

डाय घेतलीत तर काम संपल्याबरोबर पाण्याने धुऊन, लगेच कोरडी करून ठेवा. रात्रभर राहिलेलं केबीआर पोलादाला गंज चढवतं आणि पुढची प्रत्येक पेलेट चिकटू लागते.