टायपिंगचं काम घेतलं, वकिलाची नोटीस आली

निवृत्तीनंतर घरबसल्या टायपिंगचं काम शोधत असाल तर हे जरूर वाचा. मी नेरूळला राहते. सगळी नोकरी टंकलेखनात गेली, हात अजून चांगला चालतो, म्हणून काम हवं होतं. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, ज्येष्ठांना प्राधान्य, पानाला तीस रुपये. नोंदणीचे पंधराशे भरले, आधार-पॅनचे फोटो पाठवले, करारावर मोबाइलवरच सही झाली.

मग स्कॅन केलेली पानं आली. इतकी पुसट की स्वल्पविराम आहे की पूर्णविराम, ते भिंग धरूनही कळेना. इंग्रजी स्पेलिंगं मुद्दाम चुकवलेली. सुधारलं तर चूक धरायची, तसंच ठेवलं तरी चूक. करारात अट ९८ टक्के अचूकतेची, आणि तपासणारेही तेच! खरी मेख इथे आहे. तुमचं टायपिंग कुणालाच नको असतं, काम दिलेलंच असतं ते नापास करायला.

लगोलग वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आली. करार मोडलात, ४८ हजार भरा, नाहीतर कलम ४२० खाली अटक. फोनवरची बाई म्हणाली, “आजी, सोसायटीत पोलीस आलेले बरे दिसतील का?” या वयात माणूस अब्रूला किती जपतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. तडजोडीचे म्हणून बारा हजार उकळले आणि परत मागायला लागले.

शेजारी एक वकील राहतात, त्यांनी नोटीस वाचली. भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८. यंदाच्या कामाच्या नोटिशीत ४२० कुठून आलं? शिवाय टायपिंग चुकलं तर तो फार तर दिवाणी वाद, त्यात अटक होत नाही. त्यांनी तिथल्या तिथे १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला लावला. पैसे पुढे काढले गेले नसतील तर बँकेत रोखता येतात, माझे थोडे अडकवले गेले.

काम हवंच असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी फुकट होते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हेल्पलाइन आहे.

अशी नोटीस आली असेल तर एक रुपयाही भरू नका. चॅट पुसू नका, करार आणि पैसे भरल्याचे पुरावे जपून ठेवा, घरच्यांना लगेच सांगा. आमच्या विरंगुळा केंद्रात मी हे बोलले तेव्हा आणखी दोघांच्या फोनमध्ये हाच मजकूर निघाला, फक्त नाव बदललेलं. त्यांच्याही तक्रारी आम्ही नोंदवल्या.