पाण्याखालचा पहिला कॅमेरा: अ‍ॅक्शन कॅमेरा, फोन की टीजी?

स्कुबा डाइव्हिंगच्या पहिल्या, म्हणजे ओपन वॉटर कोर्सचं कार्ड हातात आलं की महिन्याभरात कॅमेऱ्याचा विषय निघतोच. पुण्यात टँकमधली सेशन्स उरकून मालवण किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला कोर्स पूर्ण केलेल्या बऱ्याच जणांनी मला हे विचारलंय. पहिल्याच कॅमेऱ्यात लाखभर घालायचे नसतील, तर घ्यायचं काय? तीन पर्याय समोर असतात: गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा, आहे तोच फोन डाइव्ह हाउसिंगमध्ये (पाणी आत न येऊ देणाऱ्या भक्कम डब्यात) घालून, किंवा ऑलिंपसचा (आता ओएम सिस्टिमचा) टीजी हा छोटा, भिजला तरी चालणारा कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग. तिन्ही मी पाण्याखाली वापरलेत, काही स्वतःचे, काही मित्रांचे. आज माझ्याकडे यातला एकच आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

खोलीची काळजी नवशिक्याने फार करू नये. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर. टीजीचं हाउसिंग 45 मीटरपर्यंत चालतं, अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांची साधारण 60 मीटरपर्यंत, फोनची चांगली हाउसिंग्जही 40 मीटर किंवा त्याहून जास्त. एवढी सवड पुष्कळ झाली. मात्र हाउसिंगशिवाय कॅमेरा खाली नेण्याच्या मी विरोधात आहे. नवे गोप्रो नुसते 10 मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन 4 नुसता 18 मीटरपर्यंत आणि टीजी 15 मीटरपर्यंत. वाचायला छान वाटतं. पण बॅटरीच्या झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं, आणि मालवणच्या बोटीवर वाळू कुठे नसते?

खरा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही डाइव्ह कुठे करणार? यूट्यूबवरचे बहुतेक आढावे लाल समुद्रातले किंवा मालदीवमधले असतात. तिथे वीस-पंचवीस मीटरवरचं स्वच्छ दिसतं. आपण पुणेकर शुक्रवारी रात्री गाडी काढतो, घाट उतरून सकाळी मालवणात पोचतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उतरतो. तिथली व्हिजिबिलिटी चांगल्या दिवशीही काही मीटरच असते, आणि भरती-ओहोटीने गाळ उठला की बडीचे (सोबतच्या जोडीदाराचे) फिन्ससुद्धा हिरवट धुक्यात दिसेनासे होतात. नेत्राणीला पाणी बरंच स्वच्छ, अंदमानला त्याहून स्वच्छ. पण वर्षातून किती वेळा आपण हॅवलॉकला जातो? ज्या पाण्यात नेहमी उतरणार, त्या पाण्यासाठी कॅमेरा घ्यावा असं मला वाटतं.

गढूळ पाण्यात फोटोचा एकच मंत्र आहे: जवळ जा. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितकं पाणी कमी, तितके मधले कण कमी आणि रंगही जास्त शाबूत. पाणी लाल रंग सर्वात आधी गिळतं. पाचेक मीटरच्या खाली लाल वस्तू तपकिरी-करडी दिसू लागते, आणखी खाली गेल्यावर नारिंगीही फिका पडतो. टॉर्च लावला तरी प्रकाशाला माशापर्यंत जाऊन परत लेन्सपर्यंत यायचं असतं, म्हणजे पाणी दोनदा ओलांडायचं असतं. एक मीटरवरून टॉर्चचा फारसा उपयोग होत नाही, एक वीत अंतरावरून मात्र रंग खुलून येतात.

आणि नेमकं इथेच माझं अ‍ॅक्शन कॅमेऱ्याशी बिनसलं. या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस पक्का बसवलेला असतो, तो पुढेमागे होत नाही. साधारण एका फुटाच्या पलीकडचं सगळं स्पष्ट आणि त्याच्या अलीकडचं धूसर. जमिनीवर हे कधी जाणवतही नाही. बाइकच्या हँडलवर, सिंहगडाच्या वाटेवर कोण कशाच्या इतकं जवळ जातं? पाण्याखाली मात्र चांगला फोटो त्या एका फुटाच्या आतच असतो.

उदाहरण देतो. एका खडकाच्या आडोशाला न्यूडिब्रँक सापडला होता. करंगळीच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय, पांढरं अंग, कडेने पिवळी किनार, डोक्यावर दोन शिंगं आणि पाठीवर कल्ल्यांचा पिसांसारखा तुरा. श्वास सांभाळत, खडकाला धक्का न लावता जवळ गेलो, हात स्थिर धरून बराच वेळ रेकॉर्डिंग केलं. रात्री लॅपटॉपवर पाहिलं तर मागचा खडक काचेसारखा स्पष्ट आणि पुढे एक पांढरा-पिवळा डाग. मागे सरकून घेतलेल्या फ्रेममध्ये तो स्पष्ट होता, पण वाइड लेन्समुळे तांदळाच्या दाण्याएवढा. क्रॉप केला तर नुसता दाणेदार हिरवेपणा हाती आला. पुढच्या खेपेला मित्राच्या टीजीने तसाच एक न्यूडिब्रँक टिपला, तेव्हा त्या शिंगांवरच्या आडव्या वळ्यासुद्धा मोजता येत होत्या. टीजीचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटिमीटरवरही फोकस करतो. हाउसिंगच्या काचेमुळे त्यातलं थोडं अंतर खर्ची पडतं, तरी आपल्या कामाला ते भरपूर झालं. माझा निर्णय जवळजवळ त्याच संध्याकाळी झाला.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर उपाय नाही असं नाही. हाउसिंगवर चढवायच्या क्लोजअप लेन्स मिळतात, बिजागरीवर उघडझाप करणाऱ्याही असतात. त्या लावल्या की जवळचं दिसतं, पण फोकस पक्काच असल्याने विशिष्ट अंतरावरचाच पातळ पट्टा स्पष्ट येतो. ते अंतर डोळ्याच्या अंदाजाने राखायचं आणि तेही लाटेच्या हेलकाव्यात. ज्याची बॉयन्सी (ना बुडता ना वर जाता पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं) अजून बसते आहे, त्याने हे कसं जमवावं? अनुभवी माणसं या लेन्सने सुंदर काम करतात हे मी पाहिलंय, पण नवशिक्याला मी ती वाट सुचवणार नाही.

तरीही अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे गुण मोठे आहेत. एकच बटण, एका हातात मावणारा आकार, आणि स्थिरीकरण इतकं चांगलं की डोलत-डोलत घेतलेला व्हिडिओही पाहवतो. सुरुवातीच्या डाइव्हमध्ये लक्ष हवा, खोली आणि बडीकडे असायला हवं. कॅमेऱ्याचे मोड शोधत बसणं त्या वेळी धोक्याचंच. काही इन्स्ट्रक्टर बॉयन्सी बसेपर्यंत कॅमेरा नेऊच देत नाहीत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. घरच्यांना कासव, माशांचे थवे, आपला चेहरा दाखवायचा असेल आणि डाइव्हिंग मुख्यतः अंदमान-लक्षद्वीपला होणार असेल, तर बिनधास्त अ‍ॅक्शन कॅमेरा घ्या. लाल फिल्टरचं तेवढं लक्षात ठेवा. तो निळ्या, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यासाठी असतो. हिरव्या पाण्याला जांभळट-गुलाबी फिल्टर लागतो, आणि मालवणच्या गढूळ पाण्यात कुठलाही फिल्टर मुळातला थोडका प्रकाश आणखी खातो.

फोनबद्दल थोडक्यात. चित्राचा दर्जा तिन्हींत कदाचित सगळ्यात चांगला, स्क्रीन मोठा, आणि बऱ्याच नव्या फोनांना जवळचा फोकसही जमतो. पाण्यात टचस्क्रीन चालत नाही, म्हणून हाउसिंगवर ब्लूटूथची बटणं किंवा खास पडदा असतो. काही हाउसिंगमध्ये हवा ओढून गळती तपासायची सोय असते, ती मला फार आवडली. पण डब्याचा आकार मोठा, आणि फोन बदलला की तो नव्या फोनला बसेलच असं नाही. शिवाय माझ्या फोनमध्ये बँक, तिकिटं, घरच्यांचे नंबर असं सगळं असतं. तो 15 मीटर खाली नेल्यावर माझं अर्धं लक्ष त्या डब्याच्या कडेकडेच लागून राहिलं. कुणाकडे जुना, सुस्थितीतला दुसरा फोन पडून असेल तर गणित बदलतं.

टीजीच्या बाजूने बोलतोय म्हणून त्याच्या त्रासांवर पांघरूण घालणार नाही. पहिला त्रास खर्चाचा. हाउसिंग कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीच्या वर जातं. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं हाउसिंग त्या मानाने किरकोळ, आणि कॅमेरा पुण्यात कुठेही मिळतो. टीजीचं हाउसिंग मात्र बहुधा मागवावं लागतं, दुकानात हात लावून पाहायला मिळेल याची खात्री नाही. दुसरा त्रास व्हिडिओचा. अंधुक पाण्यात टीजी फोकस शोधत पुढेमागे करतो आणि ते रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. व्हिडिओ हेच तुमचं मुख्य काम असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

तिसरा त्रास ओ-रिंगचा, म्हणजे हाउसिंगच्या झाकणाला पाणी अडवणाऱ्या गोल रबराचा. तो तिन्ही पर्यायांत आहे, पण टीजीच्या मोठ्या हाउसिंगला जास्त निगुतीची गरज असते. आदल्या रात्री शांतपणे, चांगल्या उजेडात रिंग काढायची, बोटाच्या टोकाने फिरवत केस-धूळ तपासायची, कंपनीने दिलेलं ग्रीस नावापुरतं लावायचं. रिंग नुसती चमकली पाहिजे, ग्रीस साठता कामा नये. व्हॅसलिन अजिबात नको, रिंग फुगते. हे काम बोटीवर करू नये, वारा काय उडवून आणेल सांगता येत नाही.

त्यातच धुक्याचा मुद्दा येतो. कोकणातली दमट हवा हाउसिंगमध्ये कोंडली, कॅमेरा आतून तापला आणि बाहेरून गार पाणी लागलं की तो दमटपणा पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला साचतो. एसीच्या कोरड्या खोलीत हाउसिंग बंद करायचं आणि आत सिलिका जेलची सुकवलेली पुडी टाकायची, एवढं केलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. माझ्या अनुभवात 4के व्हिडिओ घेणारे अ‍ॅक्शन कॅमेरे जास्त तापतात आणि जास्त धुकं धरतात, पण हे मोजून पाहिलेलं नाही.

टीजीचा आणखी एक फायदा मला घेतल्यानंतर कळला. जून ते सप्टेंबर मालवण बंद असतं आणि डाइव्हिंगचा कॅमेरा कपाटात पडून राहतो. टीजी मात्र त्याच दिवसांत कास पठारावर कामाला येतो. भर पावसात, गुडघे टेकून, सीतेच्या आसवांसारखं चिमुकलं निळं-जांभळं फूल पाकळीच्या रेषांसकट टिपता येतं आणि कॅमेरा भिजण्याची काळजी नसते. वर्षभर हातात राहिला की बटणंही अंगवळणी पडतात, त्याचा ऑक्टोबरच्या पहिल्या डाइव्हला फार उपयोग होतो.

टीजीकडेच वळत असाल तर वापरलेला घ्यायला हरकत नाही. जोडी तेवढी नीट जुळवा: टीजी-5 चं हाउसिंग पीटी-058, तर टीजी-6 आणि टीजी-7 दोघांचं पीटी-059. टीजी-6 हा 2019 चा, टीजी-7 हा 2023 चा, आणि नवशिक्याला चित्रात जाणवेल असा फरक दोघांत मला दिसला नाही. वापरलेल्या कॅमेऱ्याची झाकणं आणि त्यांची रबरं बघा. हाउसिंगची पुढची काच उजेडासमोर तिरकी धरून ओरखडे बघा, आणि प्रत्येक बटण दाबून ते परत वर उसळतं का ते तपासा. बटण अडकत असेल तर आत मीठ साचलंय. आधीच्या मालकाने डाइव्हनंतर हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवलं नसावं, असं समजायला हरकत नाही.

उरलेले पैसे एका छोट्या व्हिडिओ लाइटमध्ये आणि ट्रेमध्ये (हाउसिंग आणि लाइट बसवायची मुठीची पट्टी) घाला. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बंद ठेवा. तो लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने मधल्या गाळाचे कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. लाइट हातभर बाजूला, जरा बाहेरच्या अंगाला वळवून धरला की ठिपके बरेच कमी होतात. अंदमानला विमानाने जाताना लाइटच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवा आणि हाउसिंग घट्ट बंद करून नेऊ नका. उतरल्यावर ते उघडताना जीव मेटाकुटीला येतो.

हाउसिंग घरी आलं की पहिल्यांदा ते रिकामंच बुडवा. आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, बादलीत वजनाखाली दाबून तासभर सोडा आणि बटणं सगळी पाण्यातच दाबून पाहा. पेपर कोरडा निघाला तर मालवणच्या पहिल्या डाइव्हलाही हाउसिंग रिकामंच न्या, कारण बादलीत खोलीचा दाब नसतो. दुसऱ्या डाइव्हला आत कॅमेरा घाला, मायक्रोस्कोप मोड बोटीवरच लावून घ्या आणि खाली गेल्यावर एकाच खडकाजवळ थांबा.