जमिनीची भिंत की गोड्या पाण्याची?

त्र्यंबकच्या डोंगरांत एका उतारावरचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्यावरचं वैतरणेतून अरबी समुद्राला. त्यामुळे जमीन पाण्याची वाटणी कशी करते, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. समुद्री जीवांची ताटातूटही अशीच होते आणि दुरावलेल्या गटांतून वेगळ्या प्रजाती घडतात, पण अडसर दोन तऱ्हांचे असतात. मग उत्क्रांती शिकवताना सुरुवात कोणत्या अडसरापासून करावी?

उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी पनामाची जमीन सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी सलग झाली आणि कॅरिबियन समुद्र पॅसिफिकपासून तुटला. दोन्हीकडे चिमटा वाजवणाऱ्या कोळंबीच्या जोड-प्रजाती उरल्या, म्हणजे एकाच पूर्वजापासून फुटलेली एक इकडे, एक तिकडे. दिसायला जवळपास सारख्याच. समुद्री जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन किनाऱ्यांवरचे नर-मादी एकत्र ठेवले, तर जुळण्याऐवजी बहुतेक एकमेकांवर चिमटे उगारू लागले! जनुकं तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली: सगळ्या जोड्या एकाच वेळी फुटलेल्या नाहीत. खारफुटीतल्या, उथळ पाण्यातल्या कोळंब्या सर्वांत शेवटी वेगळ्या झाल्या, कारण शेवटपर्यंत वाट उरली ती उथळच.

ॲमेझॉनचा अडसर मात्र पाण्याचाच. नदीच्या मुखाशी गोडं, गढूळ पाणी पसरतं आणि कॅरिबियन व ब्राझीलचे प्रवाळमासे दुरावतात. तरी ही भिंत गळकी आहे. गढूळ थराखाली खारं पाणी असतं, तळाशी स्पंज असतात. त्यांच्या आधाराने काही मासे पार होतात.

उत्क्रांती शिकवताना सुरुवात पनामापासूनच करावी. तिथे कारण आणि परिणाम स्वच्छ दिसतात. मला स्वतःला ॲमेझॉन जास्त मोलाचा वाटतो. समुद्रात सलग जमीन क्वचितच आडवी येते, असे अर्धवट अडसरच जास्त.